रंग न घेतलेल्या केशवाहिन्या : मज्जातंतूच्या एका बायोप्सीचे प्रकरण

हे प्रकरण एका अध्यापन रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागातले आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मज्जातंतूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर असणाऱ्या, रक्त गोठू न देणाऱ्या एका प्रथिनाचा स्टेन, म्हणजे ते प्रथिन दाखवणारा रंग, कोरा आला आणि त्या कोरेपणाचा अर्थ लावताना आम्ही दोनदा घाई केली, एकदा प्रयोगशाळेत आणि एकदा वॉर्डात. त्यातली पहिली घाई माझी होती.

पार्श्वभूमी

रुग्ण साठी ओलांडलेले निवृत्त शिक्षक होते. मधुमेह ११ वर्षांपासून होता आणि गोळ्या नियमित असूनही साखर कधी नीट आटोक्यात राहिली नव्हती. दोन वर्षांपासून दोन्ही तळवे बधिर होते. सकाळी देवळात जाताना डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि दहा-बारा पावले पुढे गेल्यावर, खाली नजर गेली तरच, ती निसटल्याचे त्यांना कळायचे. हा त्रास घरच्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या खात्यावर मांडला होता, आणि तोवर ते बरोबरही होते. पुढच्या पाच आठवड्यांत मात्र चित्र पालटले. आधी डावे पाऊल पडले, म्हणजे चालताना ते वर उचलता येईना. मग पंधरा दिवसांनी उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर झाली आणि बोटांतली पकड गेली. वजन सहा किलोंनी उतरले होते.

मधुमेहाने मज्जातंतूंवर होणारा नेहमीचा परिणाम दोन्ही पायांत सारखा, मोजे चढवत जावेत तसा हळूहळू वर सरकतो. एकेक नस वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या अंगात निकामी होणे हे त्याचे वागणे नव्हे. आपल्याकडे हाताची अल्नर नस आणि गुडघ्याजवळची पेरोनियल नस एकाच माणसात दुबळी झाली की पहिला विचार कुष्ठरोगाचा करावा लागतो, कारण याच नसा त्या रोगाला सर्वांत जवळच्या. तो विचार झाला. नसा हाताला जाड लागत नव्हत्या, अंगावर चट्टा नव्हता आणि त्वचेच्या स्मिअरमध्ये जंतू सापडले नाहीत. दाहाची खूण असलेला रक्ताचा ईएसआर वाढलेला होता, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही आणि अँका (रक्तवाहिन्यांच्या काही दाहांत सापडणारी प्रतिपिंडे) या तपासण्या निगेटिव्ह होत्या, नसांच्या विद्युत तपासणीत ॲक्सॉन, म्हणजे नसेतले संदेशवाहक तंतू, मेल्याच्या खुणा होत्या. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांचा दाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, हा संशय बळावला. तो खरा असेल तर स्टेरॉइड लवकर सुरू करायला हवे होते आणि खोटा असेल तर मधुमेही माणसाला उगाच स्टेरॉइड देणे म्हणजे साखरेला मोकळे रान देणे होते. त्यामुळे बायोप्सी ठरली.

सुरल नस बाहेरच्या बाजूच्या घोट्याच्या मागून जाते. ती फक्त संवेदना वाहते, त्यामुळे तिचा तुकडा काढल्याने पायाचे बळ जात नाही. पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा मात्र कायमचा राहू शकतो. हे रुग्णाला आणि त्यांच्या मुलाला सांगून संमती घेतली होती.

नसेचा तुकडा शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास निघाला. असा तुकडा खरे तर तीन वाटांनी जायला हवा: एक भाग ताजा गोठवण्यासाठी, एक ग्लुटाराल्डिहाइडमध्ये आणि एक फॉर्मॅलिनमध्ये. त्या दिवशी गोठवण्याची तयारी नव्हती. शस्त्रक्रियागृहातच लांब तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला. उरलेला आखूड तुकडा सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून निवासी डॉक्टरांच्या हाती आला. त्यांनी त्याचे दोन भाग करून एक ग्लुटाराल्डिहाइडमध्ये आणि एक फॉर्मॅलिनमध्ये ठेवला. हा छोटा तुकडा शनिवारच्या बॅचमध्ये पुढे गेला. मोठ्या तुकड्याची बाटली कुणाच्या लक्षात आली नाही आणि ती सोमवारी सकाळपर्यंत टेबलावरच राहिली. मोठ्या तुकड्याच्या ब्लॉकला, म्हणजे सेक्शन (पातळ काप) घेण्यासाठी तो मेणात बसवून केलेल्या ठोकळ्याला, ‘अ’ म्हटले गेले, छोट्याच्या ब्लॉकला ‘ब’. दोघांच्या फॉर्मॅलिनमधल्या मुक्कामात दोन दिवसांचा फरक होता, आणि तो अर्जावर कुठेही लिहिलेला नव्हता.

ज्या प्रथिनाभोवती हे सगळे फिरले ते

थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे मुख्य विकर आहे. हेच थ्रॉम्बिन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरील थ्रॉम्बोमोड्युलिन या प्रथिनाला जाऊन चिकटले की त्याचे काम उलटे होते. फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे जाळे विणायचे सोडून ते प्रोटीन सी या प्रथिनाला जागे करू लागते, आणि जागे झालेले प्रोटीन सी, प्रोटीन एसच्या साथीने, गोठण्याच्या साखळीतील पाचवा आणि आठवा घटक मोडून टाकते. चार्ल्स एस्मन आणि व्हाइट ओवेन यांनी १९८१ साली अस्तरावरच्या या साहाय्यक घटकाची ओळख पटवली. त्याच्या उपस्थितीत प्रोटीन सी जागे होण्याचा वेग हजारपटीहून अधिक वाढतो. प्रोटीन सीला अस्तरावर धरून ठेवणारा दुसरा ग्राही त्यात आणखी भर घालतो. याखेरीज अस्तराजवळ अँटिथ्रॉम्बिनला बळ देणारे हेपरन सल्फेट असते, टिश्यू फॅक्टरची वाट अडवणारे टीएफपीआय असते आणि झालेली गुठळी विरघळवण्यासाठी टिश्यू प्लास्मिनोजेन ॲक्टिव्हेटर असतो.

थ्रॉम्बोमोड्युलिनचे वजन सर्वांत जास्त पडते ते केशवाहिन्यांत. मोठ्या धमनीतले बहुतेक रक्त अस्तराला न शिवताच पुढे जाते, केशवाहिनीत मात्र तांबडी पेशी भिंतीला घासतच सरकते. तेवढ्याच रक्तामागे अस्तराचा पृष्ठभाग तिथे कितीतरी पटींनी अधिक असतो. हे प्रथिन सगळ्या अवयवांत सारखे नसते. फुफ्फुसात ते भरपूर असते, मेंदूच्या सूक्ष्मवाहिन्यांत कमी. मज्जातंतूच्या आतल्या, म्हणजे एंडोन्युरियममधल्या वाहिन्या मेंदूतल्या वाहिन्यांप्रमाणेच घट्ट सांध्यांनी बंदिस्त असतात आणि त्यांच्यात रक्ताचा ओघ परिस्थितीनुसार कमीजास्त करण्याची क्षमताही तोकडी असते. म्हणून तिथे या प्रथिनाचे काय होते हा प्रश्न महत्त्वाचा. मधुमेही न्युरोपॅथीच्या रुग्णांच्या नसांमधील सूक्ष्मवाहिन्यांत थ्रॉम्बोमोड्युलिन कमी झालेले आढळते, हे २००२ साली ‘डायबेटिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साखर चिकटून जुनाट झालेली प्रथिने, तसेच टीएनएफ अल्फा आणि इंटरल्युकिन १ हे दाहाचे निरोप्ये अस्तरपेशींवरचे हे प्रथिन घटवतात, हे त्याआधीच प्रयोगशाळेत दिसलेले होते.

आमच्या विभागातील एका निवासी डॉक्टरांचा प्रबंध याच विषयावर होता. थ्रॉम्बोमोड्युलिनला नेमकी चिकटून त्याचा स्टेन देणारी अँटिबॉडी आमच्याकडे मुळात मेसोथेलिओमा या फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या निदानासाठी आणलेली असते. नसेच्या प्रत्येक बायोप्सीचा एक जादा सेक्शन संमतीने या प्रबंधासाठी घेतला जात होता.

अडचण

बुधवारी स्लाइड माझ्यासमोर आल्या. ब्लॉक ‘अ’च्या साध्या एच अँड ई स्टेनमध्ये नसेच्या बाहेरच्या आवरणातील दोन बारीक वाहिन्यांभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे कडे होते, पण वाहिनीची भिंत शाबूत होती. भिंतीचा नाश दिसल्याशिवाय व्हॅस्क्युलायटिस म्हणता येत नाही. वयस्क, मधुमेही माणसाच्या नसेत वाहिनीभोवती चार लिम्फोसाइट असणे हे काही पुराव्याचे टोक नव्हे. फाइट-फराको स्टेनमध्ये कुष्ठजंतू नव्हते. हे उत्तर अर्धवट होते.

तेवढ्यात निवासी डॉक्टरांनी थ्रॉम्बोमोड्युलिनची स्लाइड पुढे सरकवली. एंडोन्युरियममध्ये एकही वाहिनी रंगलेली नव्हती. निळसर पार्श्वभूमीवर ॲक्सॉनांचे गोल, मधूनमधून केशवाहिन्यांची पोकळी, त्यांच्या कडेला जाड झालेले तळपटल, आणि जिथे तपकिरी रेघ उमटायला हवी तिथे काहीच नाही. स्टेन चालतो की नाही हे पडताळणाऱ्या सोबतच्या कंट्रोल स्लाइडवर वारेच्या (प्लॅसेंटाच्या) ऊतीची किनार गडद तपकिरी उमटली होती. अँटिबॉडी चालली होती, बफर बरोबर होते, यंत्रही बरोबर होते. मग हा कोरेपणा रुग्णाच्या नसेतलाच असला पाहिजे, असे आम्हा दोघांनाही वाटले. मी त्या क्षणी “हे फार सुंदर उदाहरण आहे” असे म्हणाले, आणि त्या वाक्याचे पुढे जे झाले त्याची जबाबदारी माझी आहे.

त्याच संध्याकाळी रुग्णाच्या मुलाने वॉर्डाच्या दारात निवासी डॉक्टरांना गाठून रिपोर्टचे विचारले. “नसेतल्या रक्तवाहिन्यांत रक्त गोठू न देणारं प्रथिनच दिसत नाहीये,” असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी राउंडला मुलाचा पहिला प्रश्न आला: “मॅडम, बाबांना रक्त पातळ करायची गोळी सुरू करायची ना मग?” उपचार करणाऱ्या फिजिशियनना त्या प्रथिनाबद्दल काहीच कळवलेले नव्हते. त्यांनी मला फोन केला आणि स्वतःही तोच प्रश्न विचारला, फक्त जरा शास्त्रीय शब्दांत.

निर्णयाची वेळ आणि समोरचे पर्याय

आता दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. स्लाइडवर प्रथिन दिसत नाही याचा अर्थ ते नसेत नाही असा होतो का, हा पहिला. ते खरोखर नसेल तर त्यावरून उपचार ठरतो का, हा दुसरा.

दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून नव्हते, म्हणून ते मी फोनवरच दिले. वॉरफरिन ‘के’ जीवनसत्त्वावर अवलंबून असलेले घटक कमी करते, आणि त्यांत गोठवणाऱ्या घटकांबरोबर प्रोटीन सी आणि प्रोटीन एस हेही येतात. प्रोटीन सीचे अर्धायुष्य जेमतेम सहा ते आठ तासांचे, त्यामुळे गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत आधी घटते ते हेच रक्षक प्रथिन. जन्मतः प्रोटीन सी कमी असलेल्या माणसाला वॉरफरिनने त्वचेच्या सूक्ष्मवाहिन्यांत गुठळ्या होऊन कातडी काळी पडते, ती याच कारणाने. ज्या वाहिन्यांत प्रोटीन सी जागे करणारी यंत्रणाच ढासळल्याचा आमचा दावा होता, तिथे उरलेसुरले प्रोटीन सीही घटवणे हा त्या दाव्याशी विसंगत उपाय ठरला असता. हेपॅरिन किंवा नव्या गोळ्यांना हा आक्षेप लागू पडत नाही, पण त्यांच्यासाठी दुसरा होता: मधुमेही न्युरोपॅथीत रक्त पातळ करणे हा मान्य उपचार नाही, रुग्णाच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे बदल होते, घोट्याजवळ ताजी जखम होती आणि पाऊल पडल्यामुळे ते दोनदा घरात पडले होते.

एखादे प्रथिन कमी दिसले म्हणजे ते भरून काढल्याने रुग्ण बरा होतो, हे गृहीतक याच प्रथिनांच्या बाबतीत आधी पारखले गेले आहे. जागे झालेले प्रोटीन सी, म्हणजे ड्रोट्रेकोजिन अल्फा, हे २००१ साली अमेरिकेत तीव्र सेप्सिससाठी, म्हणजे संसर्गाने शरीरभर होणाऱ्या घातक प्रतिक्रियेसाठी, औषध म्हणून मंजूर झाले आणि नंतरच्या चाचणीत मृत्यू कमी होत नसल्याचे दिसल्यावर २०११ साली बाजारातून मागे घेतले गेले. विद्राव्य थ्रॉम्बोमोड्युलिन जपानमध्ये २००८ पासून रक्तवाहिन्यांत सर्वत्र गुठळ्या होण्याच्या विकारावर वापरतात, पण सेप्सिसमधील गोठणदोषावरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा २०१९ चा निकाल मृत्युदरात ठोस फरक दाखवू शकला नाही. फिजिशियनना हे पटले. मुलाला मी भेटून सांगितले की हा स्टेन अभ्यासासाठी केलेला आहे, त्यावरून आज कुठलेच औषध सुरू किंवा बंद होणार नाही, आणि नसेच्या मुख्य रिपोर्टचे काम अजून चालू आहे. तो म्हणाला, “मग ते आम्हाला सांगितलंच का?” त्याचा हा प्रश्न रास्त होता.

पहिल्या प्रश्नासाठी तीन वाटा होत्या. निष्कर्ष रिपोर्टात लिहायचा आणि सोबत ‘अर्थ अनिश्चित’ अशी टीप जोडायची, ही एक. निष्कर्ष प्रबंधात ठेवून रिपोर्टात अवाक्षर न काढायचे, ही दुसरी. प्रबंधाच्या वहीत मात्र तो ‘शून्य’ म्हणून नोंदला गेला असता, आणि वहीतले शून्य एकदा तक्त्यात चढले की पुन्हा कुणी त्याच्याकडे संशयाने पाहत नाही. तिसरी वाट म्हणजे आधी स्लाइडचीच उलटतपासणी करायची. मी तिसरी घेतली. ती बरोबर होती, पण ती घेताना माझा क्रम चुकला. गुरुवारी मी थ्रॉम्बोमोड्युलिनचा स्टेन पुन्हा करायला सांगितला आणि ब्लॉकमध्ये खोलवर जाऊन वाहिन्यांच्या भिंती पाहण्याचे काम सोमवारवर टाकले. रुग्णाचा उपचार त्या खोल सेक्शनवर अडलेला होता, थ्रॉम्बोमोड्युलिनवर नव्हे. हे चार दिवस माझ्या कुतूहलापायी गेले.

प्रत्यक्ष काय केले

आम्ही तीच स्लाइड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि या वेळी एंडोन्युरियम सोडून नसेच्या बाहेरच्या आवरणातील धमनिकांकडे पाहिले. त्याही कोऱ्या होत्या. बाहेरच्या आवरणातील एवढ्या मोठ्या वाहिनीचे अस्तर एरवी ठळक रंगते. मधुमेहाने ते इतके सरसकट पुसले जावे, हे आम्हाला पटेना. मग ‘अ’च्या पुढच्या सेक्शनवर सीडी३१ हा अस्तराचा स्टेन केला, तोही फिका आला. शंका तिथेच पक्की झाली. तीन रात्री फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या ऊतीत प्रथिनांना इतक्या गाठी पडल्या होत्या की अँटिबॉडीला धरायला जागाच उरली नव्हती. वारेची कंट्रोल स्लाइड आमच्या नेहमीच्या वेळापत्रकाने फॉर्मॅलिनमधून निघालेली होती, म्हणून ती झळझळीत उमटली. त्या स्लाइडने अँटिबॉडी ठीक असल्याची ग्वाही दिली होती. ऊत ठीक असल्याची ग्वाही ती देऊच शकत नव्हती, आणि आम्ही मात्र तिच्याकडून दोन्ही ग्वाह्या घेऊन बसलो होतो.

ब्लॉक ‘ब’वर तोच स्टेन केल्यावर वेगळेच दृश्य दिसले. बाहेरच्या आवरणातील धमनिका आणि शिरिका छान रंगल्या. एंडोन्युरियममध्येही तपकिरी रेघा होत्या, पण विरळ. आता मोजणी करायची, तर एकूण वाहिन्या कशाच्या आधारे मोजायच्या, इथे पुन्हा अडले. सीडी३४ घेतला तर एंडोन्युरियममधल्या तंतुपेशीही रंगतात आणि वाहिन्यांची संख्या फुगते. सीडी३१ घेतला तर झडणाऱ्या मायलिनचा, म्हणजे तंतूंवरच्या वेष्टनाचा, कचरा उचलायला आलेले मॅक्रोफेज थोडेफार रंग घेतात, आणि या नसेत ते मुबलक होते. शेवटी अस्तरपेशींच्या केंद्रकात रंगणारा ईआरजी हा स्टेन शेजारच्या सेक्शनवर करून त्यावर वाहिन्या मोजल्या आणि थ्रॉम्बोमोड्युलिनच्या स्लाइडवर त्याच वाहिन्या एकेक करून शोधल्या. एंडोन्युरियममधल्या ४१ वाहिन्यांपैकी ६ रंगल्या होत्या. अपघातात चिरडलेला पाय काढावा लागलेल्या, मधुमेह नसलेल्या एका रुग्णाची नस प्रबंधासाठी संमतीने घेतलेली होती आणि ती ‘ब’इतकाच वेळ फॉर्मॅलिनमध्ये राहिली होती, तिच्यात निम्म्याहून अधिक वाहिन्यांनी रंग घेतला होता. धडधाकट नसेतही प्रत्येक केशवाहिनी रंगत नाही, हे त्या नसेने दाखवले नसते तर ‘कमी’ हा शब्द कशाच्या तुलनेत वापरायचा हेच ठरले नसते.

प्रथिन नाहीसे झाल्याचे आमचे म्हणणे चुकीचे ठरले, ते कमी झाल्याचे टिकले. त्याचे परिणाम शोधायला मार्शियस स्कार्लेट ब्लू या स्टेनने फायब्रिन पाहिले. एंडोन्युरियममधल्या एकाही वाहिनीत गुठळी नव्हती. बायोप्सीच्या काही मिलिमीटरांत गुठळी न सापडणे म्हणजे ती नसेच्या वरच्या टप्प्यात कुठेही झाली नाही असे नव्हे. तरीही ‘रक्त गोठून नस मेली’ हे सरळ वाक्य लिहायला आधार उरला नाही.

सोमवारी ब्लॉक ‘ब’ संपेपर्यंत ठरावीक अंतराने सेक्शन घेतले. पाचव्या पातळीवर बाहेरच्या आवरणातील एक बारीक वाहिनी हाती लागली जिच्या भिंतीत लिम्फोसाइट शिरले होते, स्नायूचा थर तुटला होता आणि भोवती पर्ल्सच्या स्टेनने निळे लोहकण उमटत होते; म्हणजे तिथून पूर्वी रक्त झिरपले होते. रेझिनमधल्या पातळ सेक्शनवर काही जुडग्यांत तंतू जवळजवळ संपलेले आणि शेजारच्या जुडग्यात बऱ्यापैकी शाबूत, असा विषम नाश दिसला, जो रक्तपुरवठा तुटल्यावर होतो. मंगळवारी सकाळी रिपोर्ट गेला: मज्जातंतूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाह, सोबत मधुमेहाचे जुने बदल. थ्रॉम्बोमोड्युलिनचा त्यात उल्लेख केला नाही. प्रबंधाच्या नोंदीत ब्लॉक ‘अ’ तांत्रिक कारणाने बाद केला आणि ‘ब’ची मोजणी, फॉर्मॅलिनच्या तासांसह, लिहिली.

इथे एक शास्त्रीय गाठ सुटलेली नाही. दाह आणि मधुमेह ही दोन्ही कारणे थ्रॉम्बोमोड्युलिन घटवू शकतात, आणि या रुग्णात दोन्ही एकाच नसेत होती. ४१ पैकी ३५ कोऱ्या वाहिन्यांचा दोष कुणाकडे किती, हे या एका नसेवरून वेगळे करता येत नाही. दाहाजवळची जुडगी आणि दूरची जुडगी यांची वेगवेगळी मोजणी करून पाहिली, पण वाहिन्यांची संख्या इतकी थोडी उरली की तिच्यावर काही बेतणे योग्य वाटले नाही. म्हणून हे प्रकरण प्रबंधात ‘मधुमेही न्युरोपॅथी’च्या गटात न घालता वेगळे ठेवले. निवासी डॉक्टरांना त्यामुळे एक रुग्ण कमी पडला आणि त्यांनी ते हसत नव्हे, पण समजून घेतले.

निष्पत्ती

स्टेरॉइड मंगळवारीच सुरू झाले, साखरेसाठी गोळ्या बंद करून इन्सुलिन दिले गेले, पावलाला आधार देणारा स्प्लिंट बसवला. पहिल्या महिन्यात साखर फार वर गेली आणि इन्सुलिनचे प्रमाण तीनदा बदलावे लागले. नवी नस मात्र निकामी झाली नाही. सहा महिन्यांनी उजव्या हाताने त्यांना सदऱ्याचे बटण लावता येऊ लागले. डावे पाऊल अर्धवट उचलले जात होते. तळव्यांचा जुना बधिरपणा होता तसाच राहिला, कारण तो मधुमेहाचा होता आणि स्टेरॉइडला त्याचे काही देणेघेणे नव्हते. बायोप्सीची जखम भरायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

चार दिवसांच्या उशिराने नेमके किती नुकसान झाले हे मोजता येणार नाही. त्या चार दिवसांत करंगळीचे दुबळेपण वाढल्याची नोंद वॉर्डाच्या कागदांत आहे आणि ती मी पाहिली आहे.

पुन्हा असे प्रकरण आले तर

क्रम प्रथम. निदानाचे सेक्शन संपल्याशिवाय अभ्यासाचा स्टेन सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा नाही, असा नियम विभागात आता आहे. हा नियम इतरांपेक्षा माझ्यासाठी अधिक आहे. पुस्तकात वाचलेली गोष्ट स्लाइडवर प्रत्यक्ष दिसल्याच्या आनंदात पुढची स्लाइड लांबणीवर पडते, हे मी अनुभवले आहे.

बायोप्सीची जागा हा दुसरा मुद्दा. व्हॅस्क्युलायटिसचा संशय इतका बळकट असताना सुरल नसेऐवजी वरवरची पेरोनियल नस आणि तिच्याखालचा पेरोनियस ब्रेव्हिस स्नायू एकाच छेदातून घेतले असते तर दाह सापडण्याची शक्यता वाढली असती, कारण स्नायूतही त्याच वाहिन्यांचा दाह दिसू शकतो. शल्यचिकित्सकांना सुरल नसेचा सराव होता म्हणून ती निवडली गेली. हा निर्णय आमच्याशी बोलून व्हायला हवा होता, आणि तसे बोलणे आम्हीही मागितले नव्हते.

तुकड्याच्या हाताळणीत दोन बदल झाले. नसेची बायोप्सी आता शुक्रवारी दुपारी घेतली जात नाही आणि तुकडा निघताना आमच्याकडचा माणूस शस्त्रक्रियागृहात गोठवण्याच्या सामानासह हजर असतो. बाटलीवर रुग्णाच्या नावाखाली तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडल्याची वेळ लिहिली जाते आणि ब्लॉक करताना बाहेर काढल्याची वेळ. कंट्रोल म्हणून आता वारेच्या वेगळ्या स्लाइडवर विसंबत नाही. त्याच सेक्शनमधील बाहेरच्या आवरणाची धमनिका रंगली आहे का, हे आधी पाहिले जाते, आणि ती रंगली नसेल तर एंडोन्युरियमची मोजणी सुरूच होत नाही.

राहिला तो दारातला प्रसंग. निवासी डॉक्टरांनी खोटे सांगितले नव्हते, लपवाछपवीही केली नव्हती. एका काळजीत पडलेल्या मुलाला जे माहीत होते ते त्यांनी सांगितले. त्यांना दोष देऊन भागणार नाही, कारण “सुंदर उदाहरण” हे शब्द त्यांनी माझ्याकडून ऐकले होते. अभ्यासाच्या संमतिपत्रात आता एक वाक्य वाढवले आहे की जादा स्टेनचे निष्कर्ष रुग्णाला कळवले जाणार नाहीत आणि त्यांवर उपचार ठरणार नाही. ते वाक्य बायोप्सीच्या आधी मोठ्याने वाचून दाखवले जाते. वर्षभराने गुरुजी तपासणीला आले तेव्हा मी त्यांना भेटले. मागच्या बाजूने पट्टा असलेली सँडल त्यांनी घातली होती, निसटू नये म्हणून, आणि घोट्याच्या बाहेरच्या कडेला बोट ठेवून ते म्हणाले, “इथे अजून काही कळत नाही, पण ते तुम्ही आधी सांगितलं होतं.”